जोना लोमूचे ट्राय आणि ‘वर्ल्ड रग्बी’ची यूट्यूब वाहिनी

परभणी जिल्ह्यातील शाळेत कबड्डी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकाला रग्बी प्रत्यक्ष पाहायला मिळणे कठीण, म्हणून ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक संघटनेच्या विनामूल्य यूट्यूब वाहिनीचे मोल मला फार वाटते. न्यूझीलंडचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, जोना लोमू याने १९९५च्या विश्वचषकात सात आणि १९९९च्या विश्वचषकात आठ ट्राय केले (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणे म्हणजे ट्राय), आणि त्याचा हा खेळ या वाहिनीवर निवडक ट्रायच्या संकलनात पाहता येतो.

केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध झालेल्या १९९५च्या उपांत्य सामन्यात त्याने चार ट्राय केले. त्यांतील पहिला मी विद्यार्थ्यांना थांबवून थांबवून दाखवतो. सहकाऱ्याने दिलेला चेंडू त्याच्या मागे पडतो. लोमू तो वळून घेतो, इंग्लंडच्या टोनी अंडरवुडला बाहेरच्या बाजूने मागे टाकतो, विल कार्लिंगने पायाला दिलेल्या झटक्याने अडखळतो आणि तोल सावरत असतानाच फुलबॅक (सर्वांत मागे उभा असलेला बचावपटू) माइक कॅटच्या अंगावरून पुढे जातो. त्याच्या धिप्पाड देहाचीच चर्चा नेहमी होते, परंतु पायांची चपळाई आणि दिशा बदलण्याचे कौशल्य पाहिल्याशिवाय तो कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अशा निवडक दृश्यांची मर्यादा मात्र येथेच दिसते. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्याला एकही ट्राय करू दिला नाही आणि जादा वेळेत १५-१२ असा विजय मिळवला. त्यांच्या योस्त व्हॅन डर वेस्टहॉइझेनने लोमूची खाली वाकून केलेली पकड आमच्या कबड्डीतील कोपरारक्षकांनी अवश्य अभ्यासावी. ट्रायच्या संकलनात ती सापडणार नाही, त्यासाठी अंतिम सामन्याची दृश्ये स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

याहून मोठी उणीव म्हणजे त्यात लोमूच्या आजाराचा उल्लेख नसतो. १९९५च्या अखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्याचे निदान झाले. म्हणजे १९९८च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सेव्हन्सचे (सात-सात खेळाडूंच्या रग्बीचे) सुवर्णपदक आणि १९९९चे आठही ट्राय हे आजारी शरीराने मिळवलेले आहेत. केवळ ट्राय पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, आणि मला ते मनापासून खटकते. ६३ कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामन्यांत ३७ ट्राय करणाऱ्या या खेळाडूला २००३मध्ये डायलिसिसवर जावे लागले, २००४मध्ये एका रेडिओ निवेदक मित्राने त्याला आपले मूत्रपिंड दिले, आणि त्यानंतर तो व्यावसायिक रग्बीत परतलाही. नोव्हेंबर २०१५मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

समालोचन वेगवान इंग्रजीत असल्याने आमच्या मुलांना ते समजत नाही. मी आवाज बंद करून स्वतः सांगतो. विंगर मैदानाच्या कडेला उभा असल्यामुळे मोबाइलच्या लहान पडद्यावर तो नीट दिसत नाही, तेव्हा शाळेतील मोठ्या टीव्हीची सोय असल्यास तीच वापरावी.