जुन्या ट्रकला गारवा: बेल्टवरचा एसी, बॅटरीवरचा एसी की कूलर?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना कारखान्यातूनच एसी केबिन सक्तीची झाली. आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांना ही सक्ती नाही. त्यामुळे जालन्याहून सळई भरून निघालेली दहा-बारा वर्षांची गाडी मे महिन्यात अजूनही काचा खाली करूनच चालते, आणि काचेतून येते ती झळच. अशा गाडीला बाहेरून काही बसवायचं तर मार्ग तीन आहेत. निवड गाडीच्या मॉडेलपेक्षा एका प्रश्नावर जास्त ठरते: गारवा गाडी चालताना हवाय की उभी असताना?

त्याआधी केबिन बघा. जुन्या गाडीत इंजिनचं बॉनेट ड्रायव्हरच्या मांडीशेजारीच असतं आणि वर नुसता पत्रा. बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेल्या केबिनला गिअरच्या दांड्याभोवती, पेडलांच्या भोकांत, दाराखाली बोटभर फटी असतात. बॉनेटला आतून उष्णतारोधक अस्तर, दांड्याला रबरी बूट, दारांना नवी बीडिंग आणि छताला पत्रा व सिलिंगच्या मधे फोम, एवढं केल्याशिवाय कोणताही एसी बसवू नका. ४२ अंशांच्या उन्हात फटी असलेल्या केबिनला गार करणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणं. कित्येकदा एसी कमी पडतो म्हणून मिस्तरीला बोल लावला जातो आणि दोष बीडिंगचा निघतो.

बेल्टवरचा एसी

इंजिनच्या पुलीवरून फिरणारा कॉम्प्रेसर (हवेच्या ब्रेकचा नव्हे, तो वेगळा), पुढे गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर, गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डखाली किंवा छताला कूलिंग कॉइल व ब्लोअर. बाजारात ज्याला ५०८ म्हणतात तो १३८ सीसीचा कॉम्प्रेसर ट्रकच्या केबिनला पुरतो. चालत्या गाडीत याच्याइतकी थंडी दुसरं काही देत नाही. पूर्ण भारावर तो इंजिनची तीन ते पाच अश्वशक्ती खातो, म्हणजे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर डिझेल. केबिन गार झाल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच सुटत-लागत राहतो, तेव्हा खर्च आणखी उतरतो.

खरी डोकेदुखी ब्रॅकेट आणि कंडेन्सरची. कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट इंजिन ब्लॉकच्या मूळ बोल्टांवरच हवं, पातळ पट्टीला वेल्डिंग करून टांगलेलं नको. दोन्ही पुल्यांच्या खाचा एका रेषेत नसतील तर बेल्ट महिनाभरात चिरफाळतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणला पाहिजे, कारण नवा बेल्ट ढिला पडतोच.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे लावणं सगळ्यात सोपं, म्हणून बहुतेक जण तिथेच लावतात. पण त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी चढवताना इंजिनच्या तापमानाचा काटा आत्ताच वर सरकत असेल, तर आधी रेडिएटरमधला क्षार काढून घ्या. तरीही सरकत असेल तर कंडेन्सर केबिनमागे किंवा छतावर, स्वतःच्या पंख्यांसह लावा. कापूस आणि सरकी वाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची: कापसाचं तूस कंडेन्सरवर गोधडीसारखं बसतं. आठवड्याला आतून बाहेर हवा मारायची, पाण्याचा जोराचा फवारा नको, त्याने कंडेन्सरच्या पातळ पात्या (फिन) वाकतात.

गॅस भरण्याची रीत ठरलेली आहे. नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची, मग व्हॅक्युम पंप किमान ३० ते ४५ मिनिटं चालवायचा, पंप बंद करून काटा १५ मिनिटं हलत नाही ना ते बघायचं, आणि मगच आर-१३४ए गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किटच्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच. भर उन्हात नुसत्या गेजवर 'अजून थोडा मारू' म्हणत भरलेला जास्तीचा गॅस दाब वाढवतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि थंडी उलट कमी होते. स्वस्तात घरगुती गॅसचं मिश्रण भरून देणारे भेटतात. तो पेट घेतो, आणि कूलिंग कॉइल तर केबिनच्या आत असते. सरळ नाही म्हणा. पाइप एकदा उघडला की ड्रायर नवाच, कारण जुन्याने हवेतली ओल पिऊन घेतलेली असते.

याची उणी बाजू एकच: इंजिन बंद, एसी बंद. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला दोनेक लिटर डिझेल जातं, शिवाय कमी फेऱ्यांवर हा कॉम्प्रेसर नीट गारही करत नाही.

बॅटरीवरचा एसी

छतावर बसणारा २४ व्होल्टचा एसी. इंजिन बंद असताना झोप मिळावी यासाठीच तो आहे. न्हावा शेवा बंदरावर किंवा रोलिंग मिलच्या फाटकाबाहेर तासन्‌तास नंबरची वाट बघणाऱ्या गाडीला याचा खरा उपयोग. (उसाच्या गाड्यांनी यात पडू नये. कारखान्याच्या रांगा मुख्यतः थंडीत लागतात.)

आता हिशोब. भर उन्हात तो २५ ते ४० अँपिअर ओढतो. गाडीत १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या मालिकेत असतील तर २४ व्होल्टला १५० अँपिअर-तासच मिळतात, ३०० नव्हे. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरत नाही आणि साध्या बॅटरीचं आयुष्यही संपतं. ३० अँपिअरने ७५ अँपिअर-तास अडीच तासांत संपतात, प्रत्यक्षात त्याच्याही आधी. रात्रभराची झोप हवी तर वेगळी लिथियम बॅटरी लागते. २०० अँपिअर-तासाची असेल तर सहा तासांच्या आसपास चालते, रात्री हवा उतरल्यावर थोडी जास्त. ती डायनामोला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की डायनामो जळतो, मधे चार्जर हवाच. आणि ती सायलेन्सरजवळ ठेवायची नाही.

जुन्या गाडीचा डायनामो पुष्कळदा ४५ अँपिअरचाच असतो. रात्री दिवे, वायपर यांतच दहा-पंधरा जातात. म्हणजे चालत्या गाडीतही हा एसी बॅटरी हळूहळू खातच राहतो. ८० अँपिअरपुढचा डायनामो धरूनच खर्च काढा.

वायरिंगमध्ये होणारी चूक ठरलेली. बॅटरीपासून छतापर्यंत पाच मीटर अंतर असेल तर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. ४० अँपिअरला जाऊन-येऊन अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. तिथे ६ ची तार ओढली तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, बॅटरी भरलेली असूनही एसीला ती उतरलेली वाटते आणि तो बंद पडतो. मग बॅटरीला शिव्या. फ्यूज बॅटरीच्या टोकालाच हवा. टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर ती तार आधी तोडा, त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते. याच्या कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं, पीओई. बेल्टवरच्याचं पॅग तेल त्यात गेलं तर मोटारीचं इन्सुलेशन बिघडतं.

छत कापताना भोकाभोवती लोखंडी चौकट मारून घ्या, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर पत्रा चिरतो आणि पहिल्या पावसात गळतो. गाडीची उंची वाढल्याचं ड्रायव्हरला सांगून ठेवा.

कूलर

याला हसू नका. परभणी-नांदेडकडे मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असली की ओल्या पॅडमधून आलेली हवा तिशीच्या जवळ उतरते, तेही पाच-सहा अँपिअरमध्ये. तासाला दोन-तीन लिटर पाणी लागतं आणि काच चार बोटं उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत दमट कोंडतं. बोअरचं पाणी वापरलं तर पॅडवर क्षाराचा पांढरा थर चढतो, म्हणून टाकी रोज रिकामी करायची. पण हीच गाडी घाट उतरून पनवेलकडे गेली किंवा मृग बरसला, की हवा जेमतेम तीन अंशांनी उतरते आणि अंग चिकट होतं. गाडी जिल्ह्यातच फिरते आणि दोन-तीन वर्षांत विकायची आहे, तर कूलरपेक्षा जास्त पैसे घालू नका. बारा महिने लांब पल्ल्याला चालणारी असेल तर बेल्टवरचाच.

बेल्टवरचा बसवून गाडी ताब्यात घेताना सकाळी नाही, दुपारी दोनला जा. काचा बंद करून इंजिन १५०० फेऱ्यांवर धरा आणि गार हवा येते त्या जाळीत थर्मामीटर खोचा. बाहेर चाळिशी असताना पंधरा मिनिटांत जाळीतली हवा १५ अंशांच्या आत आली पाहिजे. कॉइलच्या पाण्याची नळी केबिनखाली ठिबकते ना ते वाकून बघा, नसेल तर ते पाणी क्लीनरच्या पायावर पडणार. मग भरलेली गाडी जवळच्या चढावर एकदा घेऊन जा, एसी चालू ठेवून, आणि काट्यावरची नजर हलवू नका.