ट्रक झकास, सर्व्हो रडका

१/१० स्केलचा हा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक. मोटर दणकट, सस्पेन्शन लाजवाब, टेकडीच्या उतारावर दगडांवरून नुसता उड्या मारतो. पण स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर? एक गेला, वॉरंटीत बदलून मिळाला, तोही गेला. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "पोरं आपटतात हो." अहो, चालवतो मी, वय पंचेचाळीस!

शेवटी तळाचे चार स्क्रू काढून सर्व्हो उघडलाच. आत नायलॉनचे गिअर, एकाचे दात साफ उडालेले, पांढरा भुगा ग्रीसमध्ये कालवलेला. चाक दगडाला आदळलं की धक्का सर्व्हो सेव्हरच्या (सर्व्हो आणि चाकांमधल्या लवचिक जोडाच्या) स्प्रिंगने खायचा असतो. इथे ती इतकी कडक, की सगळा मार थेट गिअरवर. त्यात रिमोटला एंड पॉइंट (सर्व्होने कुठवर वळायचं ती हद्द) कमी करायची सोयच नाही. चाक पूर्ण वळलं तरी सर्व्हो घूं घूं करत जोर लावतो आणि तापतो.

आता २० किलो-सेंटिमीटर टॉर्कचा मेटल गिअर सर्व्हो बसवलाय, सेव्हरची स्प्रिंगही ढिली केलीय. तुम्हीही बदलणार असाल तर ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) बीईसी, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग, किती अँपिअर देतो ते आधी बघा, नाहीतर व्होल्टेज पडून रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हरच बंद पडतो, तेही ट्रक भरधाव असताना.

ट्रकला ४ स्टार, सोबतच्या सर्व्होला शून्य.