ठसा बाजूला की काचेखाली?

नवा फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरी सगळेच बघतात, मीही तेच बघितलं. बोट कुठे टेकवायचं हा प्रश्न मला तेव्हा सुचलाही नाही. कॅमेरा दिवसातून एखाद्या वेळी लागतो. फोनचं कुलूप मात्र उठता-बसता उघडावं लागतं.

जुन्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर बाजूच्या पॉवर बटणात होता. चार वर्षं वापरला. नव्याचा काचेखाली आहे, त्याला दीड महिना झाला.

काचेखालचा दिसायला झकास, हे कबूल. 2018 मध्ये विवोने असा पहिला फोन आणला, तेव्हापासूनच मला त्याची हौस होती. फोन टेबलावर पडलेला असला तर न उचलता उघडतो. कव्हरही कुठलंही चालतं. बाजूच्या सेन्सरला मात्र बटणापाशी खाच असलेलंच कव्हर शोधावं लागतं.

पण काचेवर ती जागाच सापडत नाही. गुळगुळीत काच, बोटाला काही लागेल तर ना! पूर्वी खिशात हात घातला की अंगठा आपसूक बटणाच्या खळगीत बसायचा आणि फोन डोळ्यांसमोर येईपर्यंत उघडलेला असायचा. आता आधी बाहेर काढा, स्क्रीन जागी करा, वर्तुळ कुठे उमटलंय ते बघा, मग बोट टेकवून क्षणभर धरा. वेळ फार जात नसेल, पण दर वेळी बघावं लागतं, ते मला जाचतं.

आणि रात्रीचं तर विचारूच नका. माझ्या फोनातला सेन्सर ऑप्टिकल आहे, म्हणजे तो बोटाचा चक्क फोटो काढतो. त्यासाठी लागणारा उजेड स्क्रीनच पुरवते. त्यामुळे ब्राइटनेस कितीही उतरवलेला असो, बोटाखालचं वर्तुळ भगभगतं. पहाटेचा गजर लावलाय की नाही ते बघायला मध्यरात्री फोन उघडला. पहिल्यांदा ठसा जुळला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या झगमगाटाला बायको कूस बदलत म्हणाली, "टॉर्च कशाला मारतोयस?" तेव्हापासून रात्री मी मुकाट्याने पिन टाकतो.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. महागड्या फोनांत अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतो. 2019 च्या सॅमसंग गॅलेक्सी एस10 मध्ये होता. तो ध्वनिलहरींनी ठसा वाचतो, त्यामुळे उजेडाची भानगड नाही. मित्राच्या फोनवर माझं बोट नोंदवून पाहिलं, खरंच चपळ आहे. जागा मात्र तिथेही बघूनच शोधावी लागली.

बाजूचं बटणही अगदी साधंभोळं नाही. फोन हातात धरून चालताना भलतीच बोटं त्याला लागायची, पाच चुका मोजल्या जायच्या आणि ऐन घाईत पिन मागायचा. ओल्या हातांना तर माझ्या दोन्ही फोनांनी कधी दाद दिली नाही.

बाजूचा सेन्सर म्हणजे स्वस्तातला, असं ऐकून मीही थोडा फसलो. ऑप्टिकल सेन्सरला ओएलईडी स्क्रीन (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) लागते, कारण उजेड तिच्या ठिपक्यांमधल्या फटींतून खाली उतरतो. एलसीडीवाल्या, म्हणजे मागून दिवा लावलेल्या स्क्रीनच्या स्वस्त फोनांना म्हणून बटणच येतं, त्यातून हा समज झाला असावा. पण घडीच्या, चांगल्याच महागड्या गॅलेक्सी झेड फोल्डलाही सेन्सर बाजूलाच असतो.

तुमचा फोन बहुतेक वेळ टेबलावर असेल तर काचेखालचा खुशाल घ्या. खिशातून सतत काढ-घाल होत असेल, तर घेण्याआधी दोन्ही एकदा हातात धरून, न बघता उघडून पाहा.

परवा जुना फोन मुलीला द्यायचा म्हणून कपड्याने पुसत होतो. अंगठा सवयीने बाजूला गेला आणि फोन उघडलासुद्धा. माझा ठसा काढायचा राहूनच गेला होता.