झाडं लावणारी नव्हे, जगवणारी टीम: गृहप्रकल्पावरच्या लँडस्केपच्या कामाबद्दल

मी बांधकाम प्रकल्पांवर साइट इंजिनिअर आहे. परवानगीच्या अटींत इतकी झाडं लावा, इतकी जागा हिरवी सोडा, असं लिहिलेलं असतंच. पण हे काम सहसा इमारतीला रंग लागल्यावर, ताबा द्यायच्या घाईत उरकलं जातं. मुरमात खड्डे पडतात, ट्रकमधून झाडं उतरतात, तपासणी होते आणि पहिल्याच उन्हाळ्यात मरतुक सुरू होते. या वेळी आमच्या गृहप्रकल्पाचा लँडस्केप आराखडा आणि लागवड ज्या टीमकडे होती, ती पायाच्या खोदाईआधीच साइटवर आली होती. एवढ्या एका गोष्टीने पुढचं सगळं बदललं.

प्लॉटच्या कोपऱ्यात एक जुनं झाड होतं. त्यांनी छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजला. तो भरला 40 सेंटिमीटर. त्याच्या 12 पट, म्हणजे 4.8 मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने आखलं आणि त्यावर पाइप रोवून पक्कं कुंपण घालायला लावलं. हा 12 पटीचा हिशेब ब्रिटनच्या बीएस 5837 या मानकातला आहे. आमचा सिमेंट-सळईचा साठा तिथेच पडणार होता, तो हलवावा लागला आणि त्यावरून बरीच कुरकुर झाली. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. त्यावरून डंपर फिरले की माती ठेचली जाते, हवा-पाणी आत जात नाही आणि झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं. तोवर बिल्डर निघून गेलेला असतो.

खड्ड्यांचं काम मी जवळून पाहिलं. खड्डा खोल कमी, रुंद जास्त: हुंडीच्या, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दोन-तीन पट रुंद आणि हुंडीइतकाच खोल. लावण्याआधी काही खड्डे पाण्याने भरून ठेवले. एकात दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच होतं, तेव्हा तिथे झाड न लावता आधी खालचा दाबलेला थर फोडून पाण्याला वाट काढली. त्यांचा मुकादम प्रत्येक रोपाची पिशवी कापायचा आणि बोटांनी वरची माती बाजूला करत जायचा, बुंधा जिथे रुंद होऊन मुळं फुटतात ती जागा दिसेपर्यंत. नर्सरीतून आलेल्या कित्येक रोपांत ती चार बोटं खाली गाडलेली होती. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं त्याने कात्रीने कापली, कारण तशीच ठेवली तर तीच पुढे बुंध्याला फास लावतात. मग आळं केलं, पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली. इतकं निगुतीने केलेलं काम मी साइटवर क्वचितच पाहिलंय.

झाडांच्या निवडीवरून विक्री विभागाशी त्यांची चांगलीच जुंपली. विक्रीवाल्यांना प्रवेशद्वारापासून एकाच जातीच्या पामची रांग हवी होती. टीमने अमेरिकी वनस्पतितज्ज्ञ फ्रँक सॅन्टामूर यांचा 1990 सालचा नियम पुढे केला: एक जात 10 टक्क्यांहून, एक प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) 20 टक्क्यांहून आणि एक कुळ 30 टक्क्यांहून जास्त नको. एकाच जातीचे रस्तेच्या रस्ते लावले आणि एका रोगात एल्मची झाडं गेली, हे युरोप-अमेरिकेतल्या शहरांनी भोगलंय. शेवटी पाम दाराशीच थोडे राहिले आणि पार्किंगला खरी सावली देणारी झाडं मिळाली. मला हे फार पटलं.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, झाडं लावण्याआधी त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास जाऊ शकतं, त्यामुळे मोठी झाडं कॉलमच्या डोक्यावर आणि बाकी ठिकाणी झुडपं.

आता तक्रारी. सुधारित ड्रॉइंग दर वेळी उशिरा यायची. ठिबकच्या लाइनला नळजोड कुठे लागणार हे प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर आलंच नाही, त्यामुळे तयार पेव्हर उखडावे लागले. हा खर्च आणि मनस्ताप टाळता आला असता. समोरचं लॉनही मला अजून खटकतं. हिरव्या क्षेत्राचा आकडा त्याने झटपट भरतो, पण पाणी आणि कापणी कायमची मागे लागते. तिथे झुडपं आणि जमिनीलगत पसरणारी झाडं चालली असती.

तरी पुढच्या कामाला मी यांचंच नाव सुचवणार, कारण ते लागवडीनंतर पळाले नाहीत. दोन वर्षांची देखभाल करारातच होती: मेलेलं झाड त्याच आकाराचं बदलून देणं, वर्षभरात आधाराचे बांबू आणि बांधलेली पट्टी काढणं, पाण्याच्या पाळ्या हळूहळू लांबवणं. शेवटचं बिल या मुदतीनंतरच्या मोजणीला जोडलेलं आहे. तुम्ही कुणालाही काम द्या, हे कलम घातल्याशिवाय सही करू नका, आणि मोजणीला सोसायटीचा माणूस हजर राहील हेही त्यातच लिहून घ्या.