दिवाडीची फेरीबोट: ओल्ड गोव्याहून थेट सप्तकोटेश्वराच्या काठापर्यंत

गोव्याला निघालेल्या माणसाला मी हल्ली एकच सांगते, मांडवीवरच्या फेरीबोटीत बसा. संध्याकाळच्या नाचगाण्याच्या क्रूझबद्दल बोलत नाही मी. गावातली माणसं स्कूटरवर भाजीच्या पिशव्या अडकवून ज्या सपाट लोखंडी बोटीतून रोज ये-जा करतात, तीच बोट. जानेवारीत बाबांना घेऊन मी या बोटींनी एक आख्खा दिवस फिरले. ओल्ड गोव्याहून दिवाडी बेटावर आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला. गोव्याच्या माझ्या पाच फेऱ्यांमधला हा सगळ्यात चांगला दिवस.

मागच्या वेळचं आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीच्या बसने गेलो होतो. ओल्ड गोव्याला बरोबर पन्नास मिनिटं दिली होती. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे बॉम जेझू चर्चपर्यंत जाऊन यायलाच त्यातली निम्मी वेळ गेली. समोरचं से कॅथेड्रल बाहेरून पाहिलं आणि शिट्टी वाजली. बाबांनी गाइडला विचारलं, "नार्वे इथून कुठल्या अंगाला?" त्याला नार्वे हे नावच माहीत नव्हतं. बाबा गडहिंग्लजजवळच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवत होते. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावरचा शिवाजी महाराजांच्या काळातला शिलालेख त्यांनी किती तुकड्यांना फळ्यावर लिहून दाखवला असेल, याची गणती नाही. डोळ्यांनी मात्र कधी पाहिला नव्हता. त्या रात्री हॉटेलवर ते काही बोलले नाहीत, पण मला ते लागून राहिलं.

म्हणून या वेळी आंबोलीमार्गे आमची गाडी घेऊनच गेलो आणि पणजीत राहिलो. सकाळी साडेआठला ओल्ड गोव्यात होतो. त्या वेळी बसेस आलेल्या नसतात. बॉम जेझूचा जांभा उन्हात तांबडालाल दिसत होता. या चर्चचं अभिषेकविधान १६०५ सालचं. बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला, त्यामुळे आज आपल्याला तो उघडा दगड दिसतो. बाबा बाकावर निवांत बसले. से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला तो परत बांधलाच नाही, हे त्यांनी मला दाखवलं. सेंट कजेतान चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचे काळे दगडी खांब उभे आहेत. तिथे सहसा कोणी थांबत नाही, पण पाच मिनिटं तरी थांबा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर आदिलशहाकडून घेतलं. त्याची एवढीच खूण आता डोळ्यांना दिसते.

फेरीच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाच्या पणतूने, व्हाइसरॉय असताना, १५९९ च्या सुमारास ही कमान बांधवली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा बसवला आहे. नवा व्हाइसरॉय आला की तो धक्क्यावर उतरून याच कमानीतून शहरात यायचा. आता खालून स्कूटरी जातात, शाळेची पोरं जातात, मासळीवाल्या जातात. बाबांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून मागे गेले आणि नदीकडून कमानीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. आलेल्या माणसाला शहर कसं दिसलं असेल ते बघायचं होतं, म्हणाले.

आता बोटीबद्दल. आम्ही गेलो तेव्हा पायी माणसाला आणि दुचाकीला काही पडत नव्हतं. चारचाकीला थोडेसे पैसे द्यावे लागले. बोट काठाला लागली की पुढची लोखंडी फळी दाणकन खाली पडते. आधी पलीकडून आलेली माणसं उतरतात, मग इकडची चढतात. ओहोटीला उतार जास्त होतो आणि फळी ओली असते. वयस्क माणसं बरोबर असतील तर त्यांना गाडीतून उतरवू नका, गाडीतच बसवून वर घ्या. आम्ही हे शिकलो ते बाबांची चप्पल घसरल्यावर. बोटीवरच्या एका माणसाने झटकन त्यांचा दंड धरला. "सवकास, हांगा बसात," म्हणत कडेच्या बाकावर नेऊन बसवलं आणि परत आपल्या दोराकडे गेला. पलीकडे पोचेपर्यंत त्याने दोनदा मान वळवून बाबांकडे पाहिलं. पाच-सात मिनिटांचा तो प्रवास. एका काठाला चर्चचे पांढरे मनोरे, दुसऱ्या काठाला खारफुटी, मध्ये मातकट पाणी. त्या पाण्यावरून निघताना ओल्ड गोवा जेवढं समजतं तेवढं आत फिरून समजत नाही, हे माझं ठाम मत झालंय. एकेकाळचं एवढं मोठं शहर साथींनी ओस पडलं आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. नदीतून पाहिलं की झाडीतून फक्त मनोरे वर आलेले दिसतात, घरं कुठेच नाहीत.

बोटीतल्या आपल्याच माणसांबद्दल एक तक्रार आहे. पुण्या-मुंबईकडच्या गाड्या चढताना हॉर्न वाजवत राहतात आणि फळी पूर्ण टेकायच्या आत पुढे घुसतात. बेटावरची माणसं कधी हॉर्न वाजवत नाहीत. त्यांचा हा रोजचा रस्ता आहे, तेवढं भान आपण ठेवायला हवं.

दिवाडीत उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन जमीन लागते. खाडीला बांध घालून मिळवलेली ही शेतं आहेत. बांधात 'मानस' म्हणून लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी आलं की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. ही पद्धत पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. बाबा इतिहासाचे, पण मी शेतकऱ्याच्या घरात दिलेली मुलगी. मी तिथे त्यांच्यापेक्षा जास्त वेळ थांबले. खारं पाणी सोसणारा कोरगुट भात या खाजनांतच पिकतो. एका बाईंना विचारलं तर त्यांनी त्या तांदळाची पेज आजारी माणसाला देतात, असं सांगितलं.

टेकडीवरचं पिएदादचं चर्च गाडीने गाठता येतं. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. त्याचं दगडी नक्षीचं छत कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं आहे. मान वर करून ते छत पाहिलं की या बेटावर आधी काय होतं ते कुणी सांगावं लागत नाही.

जेवण फारसं जमलं नाही. रस्त्यावरच्या एका जागी माशाची थाळी घेतली, आमटी कोमट होती आणि मासा कालचा वाटला. पण त्याआधी एका भट्टीवरून पोई घेतल्या होत्या, त्यांनी दिवस सावरला. पोई म्हणजे कोंड्याच्या पिठाचा चपटा, आतून पोकळ पाव. लाकडावर पेटवलेल्या भट्टीच्या तोंडाशी पदेर, म्हणजे पाववाला, उभा होता. लांब दांड्याच्या फळीवर त्याने दहा-बारा पोई एकदम ओढून काढल्या. वरचा कोंडा तेवढा करपलेला, बाकी फुगून टम्म. वर्तमानपत्रात बांधून दिल्या. मांडीवर ठेवल्या तर साडीतून चटका बसत होता. गाडीतच एक फोडली, आतून वाफ आली. नुसतीच खाल्ली. बाबा म्हणाले, "पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा त्यांचा, चावी त्यांची, पगारसुद्धा त्यांचाच." आणि दुसरी पोई घेतली.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तर बोट नुकतीच सुटली होती. अर्धा-पाऊण तास काठावर थांबलो. ऊन कडक होतं, तेव्हा पाणी आणि टोपी जवळ हवीच. पण थांबण्याचा एक फायदा झाला. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बाजूला, दिवाडीवर होतं. कोटीतीर्थाचं जुनं तळं इथलंच. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. त्यांच्या नाण्यांवर स्वतःला ते 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणवून घेत. बहमनी काळात देऊळ पडलं, चौदाव्या शतकाच्या शेवटी विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. मग लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं. तो काठ तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. बाबा हे सगळं मला काठावर बसून, हाताने नदी दाखवत सांगत होते. ही गोष्ट मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आले. नदी केवढी ते त्या दिवशी कळलं. पलीकडे बोलणाऱ्याचा आवाज येईल एवढीच.

ही बोट पहिल्यासारखीच, गर्दी मात्र अगदी कमी. उतरून थोडं आत गेलं की देऊळ. मोठं नाही. उतरतं कौलारू छप्पर, मधोमध घुमट, समोर दीपस्तंभ, मागे दाट झाडी. गोवा सरकारने अलीकडे जीर्णोद्धार केला आणि २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. काम नेटकं आहे. जुना आकार बिघडवला नाही, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. कॅमेऱ्याची धावपळ नाही, दुकानांची रांग नाही. फुलं हवी असतील तर येतानाच घ्या.

शिलालेख प्रवेशाशीच आहे. बाबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, परत लावला आणि मोठ्याने वाचलं. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. मग "श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः". मी इतकी वर्षं 'शिवराज्ञा' म्हणजे शिवाजी महाराजांची आज्ञा असंच समजत होते. तसं म्हणाले. "आज्ञा नाही गं," ते म्हणाले. "राजन् शब्दाची तृतीया. राज्ञा. शिवराजाने. शिवराजाने देवळाचा प्रारंभ केला." त्यांनी ते रूप पुन्हा चालवून दाखवलं. राजा, राजानम्, राज्ञा. शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली थांबून ऐकायला लागल्या, तर बाबांनी त्यांनाही पहिल्या अक्षरापासून सगळं वाचून दाखवलं. १६६८ साल. आदल्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या बारदेशावर स्वारी केली होती. समोरच्या काठावर पोर्तुगीज होते आणि इकडे त्यांनी पाडलेल्या देवाचं देऊळ उभं राहत होतं. आत गेलो तर भटजींनी बाबांना खुर्ची आणून दिली. बाबा तिथे तासभर बसले. मी त्यांना उठवलं नाही.

ज्यांना हा दिवस करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. ओल्ड गोवा सकाळी लवकर करा. पावसाळ्यात खाजनं हिरवीगार असतात आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरामचा उत्सव असतो, पण त्या दिवशी बोटींना प्रचंड गर्दी, वयस्क माणसांना नेऊ नका. गाडी नसेल तर दुचाकी भाड्याने घ्या, बेटावर रिक्षा शोधत बसावं लागतं. दुपारचं जेवण ओल्ड गोव्यातून बांधून नेलंत तर उत्तम. नार्व्याहून शेवटची बोट किती वाजता आहे ते तिथल्या माणसाला आधीच विचारून ठेवा. खर्च म्हणाल तर गाडीचं पेट्रोल, बोटीचे गाडीपुरते पैसे, पोई आणि ती एक थाळी. बस.

परतीच्या बोटीत सूर्य खाली आला होता. बाबांनी पिशवीतून त्यांची जुनी टिपणवही काढली. शिकवायचे त्या दिवसांतली, पुठ्ठ्याला कापडी पट्टी लावलेली. शिलालेखाचं पान त्यात आधीपासूनच होतं, निळ्या शाईत, कोणत्या तरी पुस्तकातून उतरवलेलं. त्या पानाखाली त्यांनी पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख टाकली, आणि पुढे लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिला.'