टेक्सासच्या जंगलात हंटिंगचं पॅकेज विकणाऱ्यापासून सांभाळा

ह्युस्टन-डॅलसकडच्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण हा माणूस आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये फिरतोय आणि मराठी अगदी गोड बोलतो.

इकडे नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणाचा सीझन उघडतो. आम्ही चौघांनी सॅम ह्युस्टन नॅशनल फॉरेस्टला जायचं ठरवलं, तंबू टाकायचा, नळ नाही लाइट नाही, पहाटे शिकारीला. याचा मेसेज आला की रिझर्व्ह जागा, मचाण, लायसन्स, परमिट सगळं मी बघतो, माणशी 450 डॉलर. वर म्हणे तुम्ही एच-वन-बीवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) म्हणजे नॉन-रेसिडेंट, तुमचं नुसतं लायसन्सच 315 डॉलरला पडतं.

हे धादांत खोटं आहे. टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिलात की लायसन्ससाठी तुम्ही रेसिडेंट, व्हिसाचा काही संबंध नाही. रेसिडेंटचं साधं हंटिंग लायसन्स 25 डॉलर आणि या जंगलात शिकारीला लागणारं वर्षाचं पब्लिक हंटिंग परमिट 48 डॉलर, म्हणजे सगळे मिळून 73.

तेव्हा हे माहीत नव्हतं, पैसे देऊन बसलो. त्याने पाठवलेल्या पिनवर पोचलो तर दोन पाइनच्या झाडांना केशरी टेप गुंडाळलेली आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रिझर्व्ड लिहिलेला कागद, त्यावर फॉरेस्टवाल्यांचा लोगो छापलेला. तंबू सोडवत होतो तेवढ्यात गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा सरकारी अधिकारी, आला, शांतपणे लायसन्स मागितली, चारही कागद गाडीच्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं, चारही कागदांवर नंबर एकच! सिस्टिममध्ये त्या नंबरचं काही नव्हतंच. मग त्याने सांगितलं की बंदुकीच्या सीझनमध्ये इथे ठरलेल्या कॅम्पग्राउंडवर आणि हंटर कॅम्पमध्येच राहता येतं, आणि एरवी जंगलात कुठेही तंबू टाका, फुकट असतं, अशी मोकळी जागा कुणाला रिझर्व्ह करताच येत नाही. म्हणजे जे सगळ्यांचं आहे तेच हा आम्हाला विकून मोकळा झाला.

पैशांपेक्षा मला संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असताना इथे बंदूक हातात धरणं फेडरल गुन्हा आहे, त्यातून सुटका देणारी मुख्य गोष्ट म्हणजे खरं, चालू हंटिंग लायसन्स. खोट्या लायसन्सवर रायफल घेऊन बसलो असतो तर दंडावर भागलं नसतं, व्हिसा, ग्रीन कार्ड, बायकापोरांचं इथलं राहणं, सगळंच पणाला लागलं असतं. रायफल आमच्यातल्या सिटिझन मित्राची होती आणि ती त्याच्याच गाडीत कुलपात होती म्हणून बाकीचे तिघे वाचलो, आणि ही गोष्ट त्या माणसाला माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही, कारण कोण कुठल्या व्हिसावर आहे हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं.

लायसन्स टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवरून नाहीतर वॉलमार्टच्या स्पोर्ट्स काउंटरवरून स्वतः घ्या. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो ऑनलाइन होतो, मी अरेंज करतो म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. नॅशनल फॉरेस्टमध्ये पैसे घेऊन गाइडगिरी करायलाही फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिट लागतं, ते दाखव म्हणा.

झेल (Zelle) या बँकेतून पैसे पाठवायच्या सोयीने दिलेले पैसे बँकेने परत केले नाहीत, स्वतःहून पाठवलेत म्हणाले. कागद आणि तो रिझर्व्डचा फोल्डर वॉर्डनने ठेवून घेतला, आम्ही पोलिसातही तक्रार दिली आहे. माणसाने नाव बदललंय, फोटो तोच मचाणाचा टाकतोय. तुमच्या ग्रुपवर आला तर स्क्रीनशॉट आणि नंबर मला पाठवा, तक्रारीला जोडायचे आहेत.