मॅट्रिक्स शिकणाऱ्याच्या नजरेतून ‘नमपाय’

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आकडेमोड करणाऱ्यांना ‘नमपाय’ या लायब्ररीची, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाची, ओळख करून देण्याची गरज नाही. ‘न्यूमेरिक’ आणि ‘नमअ‍ॅरे’ या दोन जुन्या लायब्रऱ्यांचा वारसा एकत्र आणून ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी ती उभी केली, २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि ती आजही मोफत व मुक्तस्रोत आहे. मॅट्रिक्सची (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीची) बेरीज, गुणाकार, ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करणे) आणि व्यस्त (गुणाकार उलटवणारी मॅट्रिक्स) या क्रिया व त्यांचे नियम शिकणाऱ्याला ती कितपत भरवशाची सोबत करते, एवढेच या परीक्षणात पाहायचे आहे. माझे मत असे, की ज्याने कागदावर चार-दोन गुणाकार केले आहेत त्याच्यासाठी ती उत्तम आहे. ज्याने ते केलेले नाहीत, त्याला मात्र ती चुकीचा नियमही बिनबोभाट पटवून देऊ शकते.

सर्वांत मोठी अडचण गुणाकाराच्या चिन्हाची आहे. नमपायच्या अ‍ॅरेवर (संख्यांच्या मांडणीवर) * हे चिन्ह वापरले, की त्याच जागेवरच्या घटकांचा एकमेकांशी गुणाकार होतो. मॅट्रिक्सचा खरा गुणाकार @ या चिन्हाने होतो, आणि हे चिन्ह पायथनमध्येच २०१५ साली, ३.५ या आवृत्तीबरोबर आले. समजा, ‘क’ या मॅट्रिक्सच्या ओळी १, २ आणि ३, ४ आहेत, तर ‘ख’च्या ओळी ०, १ आणि १, ० आहेत. @ वापरून क ला उजवीकडून ख ने गुणले, तर क च्या स्तंभांची अदलाबदल होऊन २, १ आणि ४, ३ अशा ओळी मिळतात; ख डावीकडे ठेवला, तर ओळींची अदलाबदल होऊन ३, ४ आणि १, २ मिळतात. गुणाकार क्रमनिरपेक्ष नाही, हे इतक्या थोडक्यात दाखवणारे साधन विरळाच. पण नवख्याने * वापरले, तर दोन्ही वेळा ०, २ आणि ३, ० हेच उत्तर येते आणि क्रम बदलला तरी चालते अशी त्याची खात्री पटते.

गोम पुढेच आहे. हा घटकशः गुणाकार साहचर्याच्या (कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच) आणि वितरणाच्या (बेरजेवर गुणाकार वाटता येणे) कसोटीला उतरतो. गुणाकाराच्या ट्रान्सपोजमध्ये क्रम उलटतो हा नियमही तो पाळतो, कारण मुळात त्याला क्रमाचे सोयरसुतकच नाही. त्यामुळे तीन-तीन नियम तपासूनही चूक पकडली जात नाही. पितळ उघडे पडते ते एकक मॅट्रिक्सने (कर्णावर १, बाकी ०) गुणल्यावर: क जसाच्या तसा राहायला हवा, पण हाती १, ० आणि ०, ४ येते. निश्चयकानेही (मॅट्रिक्सच्या घटकांतून निघणारी एक संख्या; गुणाकाराचा निश्चयक हा निश्चयकांचा गुणाकार असतो) हेच कळते. क चा निश्चयक −२ आणि ख चा −१ असल्यामुळे गुणाकाराचा २ यायला हवा, तर घटकशः उत्तराचा −६ येतो. * चा अर्थ खरा गुणाकार असा लावणारा ‘मॅट्रिक्स’ नावाचा वेगळा प्रकार नमपायमध्ये आहे, परंतु तो वापरू नये असे तिचे अधिकृत दस्तऐवजच सुचवतात, आणि ते योग्यच आहे.

बेरजेतही सैलपणा आहे. पाठ्यपुस्तक म्हणते की दोन्ही मॅट्रिक्सची कोटी (ओळी व स्तंभांची संख्या) सारखी असल्याशिवाय बेरीज होत नाही. नमपाय मात्र क मध्ये १०, २० हा दोन घटकांचा अ‍ॅरे मिळवायला सांगितल्यास तो प्रत्येक ओळीत मिळवून ११, २२ आणि १३, २४ देऊन मोकळी होते. कामाच्या ठिकाणी ही सोय अमूल्य आहे, अभ्यासात ती घातक आहे. एकमितीय अ‍ॅरेचा ट्रान्सपोज घेतला तर काहीच बदलत नाही, हेही आधी माहीत असलेले बरे.

साहचर्याच्या बाबतीत मात्र नमपायने शिकवलेला धडा पुस्तकात सहसा सापडत नाही. १००० ओळी व १००० स्तंभांच्या दोन मॅट्रिक्स आणि १००० घटकांचा एक सदिश (संख्यांची एक रांग) घ्या. आधी दोन मॅट्रिक्सचा नेहमीच्या रीतीने गुणाकार केला, तर सुमारे १०० कोटी संख्यांचे गुणाकार करावे लागतात. आधी उजवीकडची मॅट्रिक्स सदिशाला लावली, तर सगळे काम २० लाखांत आटोपते. नियमाप्रमाणे उत्तर तेच, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. @ ची साखळी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून कंस कुठे घालायचा हे आपणच ठरवावे लागते. लांब साखळीसाठी स्वस्त क्रम शोधून देणारे ‘मल्टी-डॉट’ हे फंक्शन आहे, आणि त्याचा उल्लेख प्राथमिक धड्यांत का नसतो, हे कोडेच आहे.

संख्यांच्या मर्यादा हा शेवटचा आणि गंभीर मुद्दा. दशांश संख्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत साठवल्या जात असल्याने ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज कंस बदलताच शेवटच्या अंकात बदलते, म्हणून दोन बाजू समान आहेत का हे तपासताना थेट तुलना न करता जवळपास समानता तपासणारे ‘ऑलक्लोज’ हे फंक्शन वापरावे. पूर्णांकांत वेगळाच धोका आहे. १, १ आणि १, ० अशा ओळींच्या मॅट्रिक्सचे घात काढले, तर फिबोनाची संख्या मिळतात. ६४ बिटांच्या पूर्णांकांत ९१व्या घातापर्यंत सारे सुरळीत चालते आणि ९२व्या घाताला पहिल्या जागी ऋण संख्या येते, तीही कोणतीही सूचना न देता. व्यस्ताचेही तसेच. १, २ आणि २, ४ या मॅट्रिक्सचा व्यस्त काढायला ती स्पष्ट नकार देते. पण १ ते ९ हे अंक क्रमाने भरलेल्या ३ × ३ मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असूनही अनेक संगणकांवर शून्याच्या अगदी जवळची संख्या येते आणि मग अवाढव्य घटकांचा ‘व्यस्त’ निमूटपणे हाती ठेवला जातो. तो मूळ मॅट्रिक्सने गुणून एकक मॅट्रिक्स येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अपूर्णांकांत नेमके उत्तर हवे असेल, तर ‘सिमपाय’ ही संथ पण काटेकोर लायब्ररी वापरावी.